पडीवरचा टाकळा

शेणव्याच्या वरची वाडी
७ जुलै २०२४, रविवार

जने,

फोन तू उचलत नायस. दुसऱ्याच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकून ठेवून देतेस. मग म्हटलं, कागदच धाडावा. फाडायचा तर फाड, पण आधी वाच.

चौकटीचा कागद बघून हसू नको. हा पानं मोजायचा कागद आहे. आपल्या वरच्या वरकसावर, त्या नाचणीच्या उतारावर, कॉलेजच्या एक मॅडम येतात, मनाली मॅडम. त्यांच्याकडे मी रोजानं आहे. काम काय विचारशील, तर गोगलगाईंना जेवू घालतो! खोटं नाय सांगत. सकुबाईकाकी आपल्या ओट्यावरून ओरडते, "कमळू, बैलाला वैरण नाय नि गोगलगाईंना पंगत घालतोस व्हय रे!"

मॅडमनी तीन जागा धरल्यात. एक यंदाच पेरायची सोडलेली पड. दुसरी बाबा गेल्यावर सोडलेली, नऊ वर्षांची. तिसरं त्याच्या वरचं जुनं रान. तिन्हीकडची पानं आणायची, त्यांच्या एकसारख्या गोल टिकल्या कापायच्या नि डब्यात उपाशी ठेवलेल्या गोगलगाईंपुढे मांडायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेली टिकली या कागदावर ठेवून किती चौकटी खाल्ल्या ते मोजायचं. नव्या पडीतला टाकळा, कुर्डू मांडला की फन्ना. करवंदाला नि ऐनाला नुसतं तोंड लावून बाजूला होतात. मॅडम म्हणाल्या, "कमळूदादा, उघड्या मातीवर पहिल्यांदा येणारी झाडं घाईत असतात. सगळा जोर वाढण्यात जातो, पान मऊ राहतं, स्वतःला राखायला काही उरत नाही. मागून येणारी सावकाश वाढतात, पण पानात चीक नि तुरटपणा भरून ठेवतात. म्हणून अळ्या, गोगलगाई पहिल्यांना खातात."

मला तुझी आठवण आली गो. अठराव्या वर्षी तुला दिली. वाढवायची घाई आम्हालाच होती, तुला नाय. तुझ्या नवऱ्यानं काय केलं ते मी विसरलो नाय. डाव्या हाताची दोन बोटं संदेशनं वरवंट्याखाली ठेचली. पाठीवर त्याच्या पट्ट्याच्या बकलाचे वळ. तुझी रविना तेव्हा सात वर्षांची, दाराआड उभी राहून फटके मोजायची.

तरी तू त्याच्यापायी माझ्याशी बोलणं टाकलंस. सहा वर्षं झाली. मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. तू पळून आपल्या घरी आलीस, तो तुला न्यायला आला, वरकसावर मला भेटला, आमची बाचाबाची झाली. मी त्याला आसनगावला नेऊन गाडीत बसवला. सुरतेला जातो म्हणाला. राग निवळला की येईल, असं मी तुला म्हटलं. एवढंच झालं. यात माझं काय चुकलं?

काकी मुरबाडला बाजाराला गेली तेव्हा तुझ्या खोलीवर डोकावून आली. सांगत होती, गळ्यात मंगळसूत्र अजून आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतेस, संदेश कुठं दिसला का. ही तिसरी खोली, नि दाराला दोन कड्या. मुरबाडात चोऱ्या वाढल्यात वाटतं.

जने, सोड त्याची वाट बघणं. गळ्यातलं काढ, रविनाला घेऊन घरी ये. राहीनं मागची खोली सारवून ठेवली आहे. माझ्या बायकोशी तर तुझं वैर नाय ना?

तुझा दादा,
कमळू


२१ जुलै

जने,

उत्तर नाय. बरं. मी लिहिणार.

आज डोकं फिरलंय माझं. त्या मॅडमना नोकरीधंदा नाय काय दुसरा? नऊ वर्षांच्या पडीत गुडघ्याएवढं करवंद नि डोक्याएवढा कुडा माजलाय. त्यात एक बाजेएवढा तुकडा आहे. तिथं नुसता टाकळा. दाट, मऊ, पोपटी. पानापानावर हिरव्या अळ्या, देठादेठाला गोगलगाई, वर पिवळी फुलपाखरं. बाकी पडीत एक गोगलगाय शोधायला अर्धा दिवस जातो, नि इथं हात घातला की ओंजळ भरते. मॅडम लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवायला लागल्या.

"कमळूदादा, नऊ वर्षांच्या पडीत पहिल्या वर्षाचा तुकडा आला कुठून?"

मी म्हटलं, "डुकरं उकरतात."

"डुकरं अशी काटकोनात उकरतात?"

मी डब्यांची झाकणं लावायला लागलो. तेवढ्यात काकी शेळ्या घेऊन वर आली. तिला कोणी विचारलं नव्हतं गो! पदर खोचून सांगायला लागली, "बाय, हितं यानं राब भाजलेला. शिमग्याच्या आधी, सहा वर्स झाली. राब म्हंजे पालाफांद्या रचून जाळायच्या, नि पावसाच्या तोंडाला त्या राखेत नाचणीचं बी टाकायचं. तर यानं राब भाजला नि पेरलं काय? काय नाय! राब भाजून न पेरणारा शेतकरी मी जलमात ह्यो एकच बघितला."

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. नि म्हणाल्या, "राब सहा वर्षांपूर्वीचा असेल तर आतापर्यंत इथं करवंद यायला हवं होतं. इथं दर वर्षी कुणीतरी खणतंय. म्हणून हा तुकडा म्हातारा होत नाही. आपण इथं खड्डा घेऊ, कमरेइतका. खालपर्यंत माती बघू."

तिथंच माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, माझ्या जमिनीत मला न विचारता कुदळ लावायची नाय. त्या म्हणाल्या, विचारतेच आहे की. मी काय बोललो ते लिहीत नाय. डब्यांची रांग पायानं उडवली. गोगलगाई बाहेर पडल्या त्या चिरडल्या, एकेक करून, टाचेनं. त्यांचं कवच फुटताना आवाज येतो. मॅडम मागं सरकल्या, हातातली वही छातीशी धरून. त्यांच्या डोळ्यात जी भीती दिसली ती मी आधी बघितली होती, तुझ्या डोळ्यात. पण माझ्यामुळं नव्हे.

मग माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, घाई नाही. गणपती बुडवले की त्या बुधवारी विद्यार्थ्यांना घेऊन येते. तोवर तुम्ही विचार करा." कॉलेजचं पत्र आहे त्यांच्याकडे, खाली माझीच सही. तीन जागा वापरू देईन म्हणून मीच लिहून दिलंय.

घरी आलो तर ताटात टाकळ्याची भाजी. काकीनं वरून खुडून आणून राहीला दिली होती. "कोवळा होता गो, तुझ्या घरवाल्याच्याच पडीतला." मी ताट भिंतीवर भिरकावलं. राहीच्या कपाळाला लागलं. रक्त फार नाय आलं.

पित्त झालंय मला. दुसरं काय नाय.

दादा


९ ऑगस्ट, नागपंचमी

जने,

आज कोणी माती उकरत नाय, विळी धरत नाय, तवा ठेवत नाय. लहानपणी तू आजच्या दिवशी अंगणात काडीनं रेघ ओढलीस म्हणून आईनं तुला बदडलं होतं. नागाला लागेल म्हणून.

आज मी वर जाऊन खणलं.

मॅडम आज यायच्या नव्हत्या, वाडीतला कोणी शेतात जायचा नव्हता, म्हणून हाच दिवस धरला. त्या तुकड्यातला टाकळा मुळासकट काढायचा, माती उलटी करायची, वर करवंदाची रोपं लावायची, म्हणजे मॅडमना ओळखता येणार नाय, असा माझा डाव. काय डाव! दर वर्षी हेच करत आलोय. पाऊस पडला की तिथं टाकळा उगवतो. आजूबाजूला एक काडी नाय नि तिथं तेवढा हिरवा चौकोन. मला बघवत नाय. मग कुदळ घेऊन उपटतो, माती खालीवर करतो. नि पुढच्या पावसात तो दुप्पट येतो. सहा वर्षं. मॅडम बोलल्या तेव्हा कळलं, हात लावला नसता तर एव्हाना करवंद, कुडा येऊन सगळं रानात मिळून गेलं असतं. कुत्रंसुद्धा थांबलं नसतं तिथं. माझ्याच कुदळीनं तो तुकडा तरणा ठेवला. असा गाढव आहे तुझा भाऊ.

मान वर केली तर समोर राही.

"आजच्या दिवशी माती उकरताय? काय पुरलंय तिथं?"

मी तिच्यावर कुदळ उगारली. जने, मी कुदळ उगारली. डोक्याच्या वर नेलेली, दोन्ही हातांनी. ती पळाली नाय. तिनं फक्त हात कपाळावर धरला, ताट लागलं होतं तिथं, नि डोळे मिटले. मार खाणारी बाई डोळे मिटते तशी. तुला शिकायला किती वर्षं लागली होती? राही तीन आठवड्यांत शिकली.

कुदळ खाली टाकली, टाकळा तसाच राहिला. ती खाली गेली, पिशवी भरली. दुपारच्या जीपनं तानशाला माहेरी गेली. जाताना एवढंच म्हणाली, "जनाताईला लिहिताय ना? खरं लिहा."

तर खरं लिहितो. संदेश सुरतेला गेला नाय. तो आसनगावलासुद्धा पोचला नाय.

दादा


१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

जने,

आज वाडीतल्या सगळ्या बाप्यांच्या मनगटावर राखी आहे. माझं सातव्या वर्षी मोकळं.

संदेश वर आला तेव्हा मी राबासाठी कवळ, पाल्याच्या डहाळ्या, तोडत होतो. ऐनाच्या खाली होतो, हातात कोयता. तो प्यायलेला होता. सुरा घेऊन माझ्या अंगावर आला. मी ढकलला, त्याचं डोकं धोंड्यावर आपटलं नि तो

हे खोटं आहे. खोडत नाय, राहू दे. माझा हात अजून खोटं लिहितो हे तुला दिसू दे.

तो प्यायलेला नव्हता. सुरा नव्हता. नीट कपडे करून, भांग पाडून आला होता बायकोला न्यायला. पट्टा तोच, मोठ्या बकलाचा. मला "दादा" म्हणाला. मी म्हटलं, जना येणार नाय. तो हसला. म्हणाला, "तुमी आज ठेवाल, उद्या ठेवाल. माझी बायको आहे. घरी नेल्यावर बघतो, अजून आठ बोटं आहेत तिला." असं म्हणून वळला नि खाली तू होतीस त्या घराकडं चालायला लागला. घरात तू नि रविना दोघीच होतात. ती तुझ्या मांडीवर झोपली होती, मी सकाळी बघितलं होतं.

पहिला घाव मी मागून घातला. कोयत्याच्या पाठीनं, मानेवर. तो गुडघ्यावर बसला. तेवढ्यावर थांबता आलं असतं. बांधून ठेवला असता, वाडीला बोलावलं असतं, पोलिसांत दिला असता.

तो माझ्याकडं वळला नि म्हणाला, "पाणी."

दुसरा घाव धारेनं. तिसरापण धारेनं. जने, पहिला तुझ्यासाठी होता. दुसऱ्याचं मला सांगता येत नाय. तिसऱ्याला मला बरं वाटत होतं. हेच मी सहा वर्षं कोणाला सांगितलं नाय. स्वतःलासुद्धा नाय. रक्त ऐनाच्या कवळावर उडालं, पानं तांबडी झाली. मी ती पानं धुवायला ओहोळावर नेली. माणूस तसाच पडलेला नि मी पानं धुतोय.

मग खणलं. छातीइतकं. उकरलेली माती दिसू नये म्हणून वर बाबांनी रचून ठेवायचे तसा राब रचला, सुकलेलं कवळ, गवत, शेण, नि पेटवला. धूर बघून कोणाला काय वाटायचं? शिमग्याच्या आधी सगळ्या डोंगरावर धूर असतो. पेरायचं मात्र मनात आलं नाय. त्याच्यावरची नाचणी कोण खाणार? वाडीनं ते बघितलं, काकीनं बोलून दाखवलं, नि मी हसण्यावारी नेलं.

खाली आलो. अंघोळ केली. तू विचारलंस, "तो आला होता का?" मी म्हटलं, आला होता, गाडीत बसवून दिला. तुझा चेहरा पडला. मला वाटलं, पोरीला नवरा गेल्याचं दुःख झालं. म्हणून पाठीवर हात ठेवून म्हटलं, "येईल गो. राग निवळला की येईल." तिसऱ्या दिवशी तू रविनाला घेऊन निघून गेलीस. त्याच्या भावानं हरवल्याची खबर दिली, पोलिस मला दोनदा विचारायला आले, मी तेच सांगितलं. सुरत.

तू त्याच्यासाठी कुंकू लावतेस, मंगळसूत्र घालतेस, नि तो माझ्या पडीत आहे. आता तुला माझं तोंड बघायचं नसेल तर मला समजेल. पण वाट बघू नको.

कमळू


मुरबाड
१ सप्टेंबर

दादा,

तुझे चारी कागद मिळाले. एकही फाडला नाय. शेवटचा तीनदा वाचला, तिसऱ्या वेळी मोठ्यानं. रविना शाळेत होती.

तुला काय म्हणू रे? मूर्ख म्हणू?

मी वाट बघत होते. खरं आहे. तू सांगितलंस ना, येईल. त्या एका शब्दावर मी सहा वर्षं जागी आहे. माझ्या उशाला कोयता असतो. आपल्याच घरचा, येताना चोरून आणला. दाराला दोन कड्या आहेत त्या चोरासाठी नायत. तीन खोल्या बदलल्या कारण तीनदा मला त्याच्यासारखा चालणारा माणूस गल्लीत दिसला. कंपनीतलं पॅकिंगचं काम संपलं की रोज वेगळ्या रस्त्यानं घरी येते. मागच्या खिडकीचा एक गज कापून ठेवलाय. रविनाला शिकवलंय, बाप दारात आला तर आईकडं बघायचं नाय, त्या गजातून निघायचं नि पळायचं. ती तेरा वर्षांची झाली तर गजातून तिचा खांदा जाईना. मागच्या महिन्यात मी दुसरा गज कापला.

येणाऱ्याजाणाऱ्याला विचारते, संदेश दिसला का. अरे, दिसला तर पळायचं होतं म्हणून विचारते! नि गळ्यातलं? "काढलंस तर गळाच काढीन," असं म्हणाला होता तो. तो आला नि गळा मोकळा दिसला तर? म्हणून घालते. अंघोळीलासुद्धा काढत नाय.

नि तुझ्याशी का बोलत नव्हते, ते तर तुला कळलंच नाय. तो तुझ्या हातात सापडला होता. तुझ्या हातात कोयता होता. नि तू त्याला गाडीत बसवून दिलास! माझी बोटं बघून, पाठ बघून, तू त्याला जिवंत पाठवलास. माझा भाऊ म्हणवतो नि त्याला सोडतो. याचा राग होता. त्या दिवशी माझा चेहरा पडला तो दुःखानं नाय रे. भीतीनं पडला.

तुला पोलिसांची भीती वाटली, म्हणून तू गप्प बसलास. मला मात्र मेलेल्या माणसाच्या भीतीत ठेवलंस. एकदा, एकदा तरी कानात सांगायचं होतंस. मी कोणाला बोलले असते काय?

दुसरं. वहिनीवर कुदळ उगारलीस. ती पायरी मला माहीत आहे. ताट, मग हात, मग हाताला लागेल ते. त्याचीपण अशीच सुरुवात झाली होती. पहिला घाव माझा आहे, तो मी घेते. दुसरा नि तिसरा माझ्या नावावर टाकू नको. ते तुझे. तुझे तू निस्तर.

मी येते. पण तुझ्या लिहिण्यावर माझा विश्वास नाय बसायचा, तू याआधीपण असंच सरळ तोंडानं सांगितलं होतंस. मला डोळ्यानं बघायचंय. कुदळ तयार ठेव.

जना


१५ सप्टेंबर, रविवार दुपार

जने,

तू झोपली आहेस म्हणून हे लिहितो.

सकाळचं मी काय लिहू, तू तिथंच होतीस. मी म्हटलं, मी खणतो, तू लांब उभी रहा. तू कुदळ माझ्या हातातून काढून घेतलीस. टाकळा आता कमरेएवढा झालाय, पिवळा फुललाय. तो तू बाजूला केलास, गोगलगाई हातानं वेचून करवंदाच्या जाळीत ठेवल्यास, एकही चिरडली नायस. ते बघून मला माझी टाच आठवली. मग खणायला लागलीस. आठ बोटांनी. घाम गळत होता, मी पुढं झालो की "सर मागं" म्हणत होतीस.

बक्कल आधी लागलं. गंजलेलं. तू ते हातात घेऊन अंगठ्यानं माती पुसलीस. मी सांगायच्या आधी तू ओळखलंस, तुझ्या पाठीला ते माहीत होतं. तरी थांबली नायस. कवटी दिसेपर्यंत खणलंस. मग खाली बसलीस नि किती तरी वेळ बघत राहिलीस. मी वाट बघत होतो की रडशील. तू म्हणालीस, "हाच आहे." बस. मंगळसूत्र तोडलंस, खड्ड्यात टाकलंस नि माती ओढलीस.

घरी आलीस, अंघोळ केलीस, भात खाल्लास. नि बोलता बोलता ओसरीवर कलंडलीस. पाच तास झाले. कूस बदलली नायस. दार सताड उघडं आहे, अंगणात कोंबड्या ओरडतायत, काकी दोनदा येऊन हाका मारून गेली, तरी तू जागी झाली नायस. काकीच्या तोंडावर बोट ठेवून मी तिला परत पाठवली. जन्मात पहिल्यांदा ती गप्प गेली.

राहीला निरोप धाडलाय. घर तिचं आहे, तिला यायचं तर येईल, मी नसताना. मी असताना यावं असं म्हणायचा मला हक्क नाय. रविनाला आणून इथल्या शाळेत घाल, नाय तर मुरबाडलाच रहा, तुझं तू ठरव. मागच्या खोलीच्या खिडकीला गज नायतच.

मी शहापूरला पोलिसांत चाललो. चारची जीप धरतो. बुधवारी मॅडम पोरांना घेऊन येणार. कॉलेजची शिकणारी पोरं ती, त्यांच्या कुदळीला तो लागायला नको. मी आपल्या तोंडानं सांगतो. तिन्ही घाव सांगणार. त्यानं पाणी मागितलं होतं ते पण सांगणार. तू आज खणलंस ते विचारतील, ते तू सांग, मी तुझ्या वाटचं खोटं बोलणार नाय. पुरे झालं तेवढं.

मॅडमना सांग, डबे मी नवे आणून ओट्यावर ठेवलेत. झाकणाला भोकं पाडून दिलीत. नि पोलिसांचं सगळं उरकलं की तिथली माती परत उघडी पडेल, पुढच्या पावसात टाकळा येईलच. उपटू नका. अळ्या खातील, गोगलगाई खातील, खाऊ दे. कोणी कुदळ लावली नाय तर चारपाच वर्षांत करवंद धरेल.

भात चुलीपाशी झाकून ठेवलाय. उठशील तेव्हा अंधार पडला असेल, घाबरू नको. हे घर कोणाचं, मी इथं कशी, असं क्षणभर होईल तुला. कोयता शोधशील. घाव घातले तो मी पोलिसांत द्यायला नेलाय, दुसरा भिंतीला आहे, पण लागणार नाय.

दार उघडंच ठेवून जातोय. कडी लावायची तर लाव, सवय आहे तुला. नाय लावलीस तरी चालेल.

जने, तो येणार नाय.

दादा